फुल फ्रेम नसला तरी लडाख दिसतं, संपादक साहेब

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या तुमच्या पुरवणीत लडाखच्या ट्रिपला कोणता कॅमेरा न्यावा यावर पानभर लेख आला होता. फोटो मस्त होते, लडाखातल्या हानले गावावरच्या आकाशगंगेचा तर फारच, पण लेखाखाली जी चौकट दिलीय ना, काय काय सोबत हवंच म्हणून, तिच्याबद्दल मला लिहायचंय. सोमवारी सकाळी मी सिडकोतल्या दुकानाचं शटर अर्धं वर केलं नाही तोच एक बाप-लेक दारात उभे, बापाच्या हातात तुमच्या पेपरचं ते कात्रण, चार घड्या घातलेलं. पोरगी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, मैत्रिणींबरोबर पुढच्या महिन्यात लेहला चाललीय. बाप म्हणाला दादा ह्या यादीतलं काय काय भाड्याने मिळेल आणि काय विकत घ्यावं लागेल तेवढं सांगा, आणि मग पोरगी फोनवर बोलत जरा बाजूला गेल्यावर हळूच, एवढं सगळं लागतंच का हो?

यादी अशी की फुल फ्रेम बॉडी (म्हणजे मोठ्या सेन्सरचा महाग कॅमेरा), १६-३५, २४-७०, ७०-२०० ह्या लेन्सा (आकडा लहान तेवढं दृश्य रुंद, मोठा तेवढं लांबचं जवळ), गोम्पांच्या, म्हणजे बौद्ध मठांच्या, आतल्या अंधारासाठी ५० ची एफ १.४ (कमी उजेडात चालणारी लेन्स), कार्बन फायबरचा ट्रायपॉड, एनडी फिल्टरचा सेट, उंचावर यूव्ही जास्त म्हणून यूव्ही फिल्टर आणि शेवटी ड्रोन. हे सगळं नवं घ्यायचं तर चार-पाच लाखांच्या खाली बात नाही. आणि वर लिहिलंय की फुल फ्रेम नसेल तर लडाखला न्याय देता येत नाही. अहो न्याय द्यायला लडाख काय कोर्टात उभं आहे का?

आता मी कोण ते सांगतो, नाहीतर म्हणाल हा कोण शहाणा. मी लग्नाचा फोटोग्राफर, चोवीस वर्षं झाली, रोलवाल्या कॅमेऱ्यापासूनची ही लाइन. लग्नसराईत मला मरायला वेळ नसतो पण आषाढी एकादशी झाली की तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नाहीत, मग कॅमेरे कपाटात बुरशी धरण्यापेक्षा भाड्याने देतो, आणि गंमत बघा, लडाखचे महिने पण बरेचसे तेच. आपल्याकडे धो धो पाऊस आणि तिकडे हिमालयाच्या पलीकडं तो फारसा पोचतच नाही. त्यामुळं माझा अख्खा पावसाळा लडाखच्या गिऱ्हाइकांवर निघतो. ही यादी आहे तशी काउंटरवर काढून दिली असती तर एकाच गिऱ्हाइकात दुकानाचं महिन्याचं भाडं सुटलं असतं. तरी हे लिहितोय. बायको म्हणते स्वतःच्या पोटावर असा पाय देणारा माणूस बघितला नाही.

मी स्वतः तीनदा जाऊन आलोय. पहिल्यांदा २०१४ च्या सप्टेंबरात गेलो तेव्हा माझी अक्कल पण त्या चौकटीएवढीच होती, म्हणजे लग्नाचं होतं नव्हतं ते किट उचललं, दोन बॉडी, २४-७०, ७०-२००, फ्लॅश (लडाखात फ्लॅश कशाला नेला देव जाणे), जड ट्रायपॉड, घरच्या काट्यावर साडेअकरा किलो भरलं. मला वाटलं लॉन्सवरच्या लग्नात हळदीपासून बिदाईपर्यंत हेच सगळं खांद्यावर असतं, त्यात काय एवढं. पण ते लॉन्स गंगापूर रोडला आहे, समुद्रसपाटीपासून सहाशेएक मीटरवर. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे. आपलं कळसूबाई, अख्ख्या महाराष्ट्रात सगळ्यात उंच, ते १,६४६ मीटर, म्हणजे लेहच्या बाजारात जर्दाळू घेणारा माणूससुद्धा कळसूबाईच्या दुपटीहून उंच उभा असतो. हवेचा दाब तिथं समुद्रसपाटीच्या साधारण दोन-तृतीयांश, खारदुंगला खिंडीत जवळपास निम्मा. हे मी नंतर वाचलं. आधी विमानानं उतरलो आणि पहिल्याच संध्याकाळी शांती स्तूपाच्या पायऱ्या चढायला घेतल्या, साधारण पाचशे पायऱ्या, सूर्यास्त गाठायचा होता ना, आणि पाठीवर ते साडेअकरा किलोचं बिऱ्हाड. शंभरेक पायऱ्या झाल्या आणि कानात नाशिक ढोल वाजायला लागला. बसलो, मग ओकलो, मग परत बसलो. एक लडाखी आजोबा हातात जपमाळ घेऊन माझ्या शेजारून वर गेले, दर्शन घेऊन खाली पण आले, मी तिथंच. जाताना हसून जुले म्हणाले, म्हणजे त्यांचा नमस्कार. सूर्यास्त झाला तेव्हा कॅमेरा बॅगेत आणि डोकं गुडघ्यात. पुढचे दोन दिवस गेस्ट हाउसचं छत बघितलं, त्याला किती फळ्या आहेत ते मला अजून पाठ आहे.

म्हणून माझ्याकडं कोणी लडाखसाठी आलं की मी आधी कॅमेऱ्याचं बोलतच नाही, मी विचारतो किती किलो उचलणार. ट्रायपॉड सोडून अडीच-तीन किलोत सगळं बसलं पाहिजे, बॉडी, लेन्सा, सेल, चार्जर, सगळं. विमानात केबिन बॅग सात किलोची, त्यात पॉवर बँक आणि जादाचे सेल पण हातातच ठेवावे लागतात, ते चेक-इनच्या सामानात टाकता येत नाहीत, मग स्वेटर कुठं ठेवाल? आणि पहिले दोन दिवस लेहमध्ये पडून राहा, फोटो काढायचा तर गच्चीवरून काढा, स्तोक कांगरी समोर दिसतं.

त्या बापाला मी विचारलं घरात काही कॅमेरा आहे का. आहे एक जुना, पोरगी चौथीत होती तेव्हा घेतलेला, तो काय उपयोगाचा. म्हटलं घेऊन तर या. दुपारी साडीच्या दुकानाच्या पिशवीत घालून घेऊन आले. क्रॉप सेन्सरवाला (म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) साधा डीएसएलआर, १८-५५ आणि ५५-२५०, पट्टा उंदराने कुरतडलेला. मी ५५-२५० उजेडासमोर धरली तर आतल्या काचेच्या कडेला बुरशीचा बारीक धागा, कोळ्याच्या जाळ्याचा एक पदर तुटून चिकटावा तेवढा, नाशिकच्या दहा-अकरा पावसाळ्यांत एवढं होणारच, पण मधली काच स्वच्छ, फोटोत काही येत नव्हतं. १८-५५ तर ठणठणीत. बाद काय होतं तर सेल. पूर्ण चार्ज दाखवायचा आणि वीस फोटोंत मान टाकायचा. म्हणजे घरात जे सामान होतं त्याला फक्त दोन नवे सेल लागत होते, आणि ते लोक तुमच्या चौकटीपायी लाखांचं लोन काढायच्या बेतात होते हो. हप्ता किती बसेल ते त्या गृहस्थांनी मोबाइलवर काढून पण ठेवलं होतं.

लेन्सचं सांगतो, कारण तिथं सगळ्यांचाच गोंधळ होतो. सगळ्यांना वाटतं एवढा मोठा मुलूख आहे तर वाइड अँगल पाहिजे. मी पण असंच समजायचो. पण वाइड लावली की समोरचा रस्ता, धोंडे, बुलेट हे मोठं होतं आणि मागचा डोंगर बारीक होऊन जातो, वीस हजार फुटांचं शिखर चामरलेण्याच्या टेकडीसारखं दिसायला लागतं. लडाखात डोंगर थरांनी उभे असतात, एकामागं एक, तपकिरी, मग जांभळट, मग निळा, मग बर्फ, आणि ते थर एकमेकांवर रचायचे तर १०० ते २०० च्या आसपास जावं लागतं, म्हणजे तीच ५५-२५०. माझ्या तिन्ही ट्रिपांचे फोटो मी एकदा बसून बघितले कोणत्या लेन्सचे आहेत ते, तर बहुतेक सगळे एक तर साध्या १८-५५ च्या टप्प्यातले नाहीतर ह्या लांबच्या टप्प्यातले. अगदी वाइड कामाला आली ती फक्त रात्री. एक मात्र कबूल करतो, कोणाला पक्षीच टिपायचे असतील, त्सो कार तळ्यावर नाहीतर हानलेच्या पाणथळीत काळ्या मानेचे क्रौंच बघायचे असतील, तर १५०-६०० न्या, तिथं काटकसर करून चालत नाही. पण मग बाकीच्या लेन्सा घरी ठेवा. आणि ती १५०-६०० आधी नांदूरमध्यमेश्वरला दोन सकाळी वापरून या, कारण उडता पक्षी काचेत पकडणं ही हाताची सवय आहे, ती काही भाड्याने मिळत नाही.

आता लेखातल्या ज्या गोष्टी चक्क चूक आहेत त्या. एक, गोम्पांसाठी एफ १.४. अल्चीच्या मंदिरांत, जिथली भिंतीवरची चित्रं आठ-नऊशे वर्षांपूर्वीची आहेत, आत फोटोच काढू देत नाहीत, लेन्स एफ १.४ असो नाहीतर मोबाइल. बाकी ठिकाणी विचारून घ्या, फ्लॅश तर कुठंच नको, आणि समोर पूजा चालू असताना लामांच्या तोंडात लेन्स घालू नका, आपल्या रामकुंडावर दशक्रिया विधी चालू असताना कोणी तसं केलं तर आपल्याला कसं वाटतं.

दोन, यूव्ही. रोलच्या जमान्यात उंचावर यूव्हीमुळं निळसर झाक यायची हे खरं आहे, मी स्वतः बघितलंय, पण डिजिटल सेन्सरच्या पुढं यूव्ही अडवणारी काच आधीच बसवलेली असते. त्यामुळं आता यूव्ही फिल्टर म्हणजे लेन्सला चष्मा, वाळू-ओरखड्यापासून वाचवायला, बास. त्यासाठी जरूर लावा पण दोनशे रुपयांचा लावू नका, सूर्य समोर आला की हिरवे ठिपके पडतात. एनडीचं तर मला कळलंच नाही, ती काळी काच धबधबा रेशमासारखा करायला असते, त्याच्यासाठी लडाखला कशाला, दुगारवाडीला जा की.

तीन, ड्रोन. ह्याचा मला सगळ्यात जास्त राग आला. पँगाँगच्या तळ्यातून चीनबरोबरची ताबारेषा जाते, नुब्रा खोऱ्याच्या पुढं पाकिस्तानची हद्द, रस्त्यावर दर थोड्या अंतराने लष्कराचा तळ, आणि तुम्ही कॉलेजच्या पोरांना सांगताय ड्रोन न्या, परवानगीबद्दल एक ओळ नाही. आपल्याकडं देवळालीच्या आर्टिलरीजवळ नाहीतर ओझरला एचएएलच्या भिंतीजवळ उडवून दाखवावा कोणी. तिकडं जप्त झालेला ड्रोन सोडवायला कोण जाणार, लेखक? लेहचा विमानतळ पण हवाई दलाचा आहे, तिथं फोटो काढायचा नाही, पोरं उतरल्या उतरल्या सेल्फी घेतात आणि बोलणी खातात. लष्कराची गाडी, छावणी, पूल दिसले की कॅमेरा खाली, एवढं लक्षात ठेवा. आणि जाता जाता, आपलं प्रीपेड सिम तिकडं चालत नाही, पोस्टपेड लागतं. फोटो लगेच घरी पाठवू म्हणणाऱ्यांनी हे आधी बघावं.

धुळीबद्दल मात्र लेखात चकार शब्द नाही आणि कॅमेऱ्याचं खरं वाटोळं तीच करते. नुब्रात हुंडरला वाळूच्या टेकड्या आहेत, दोन वशिंडांचे उंट असतात तिथं, सगळे तिथं जातातच. दुपारनंतर वारा सुटतो. आपल्याकडची धूळ जाड असते हो, डोळ्यात गेली तर कळते, ही तशी नाही, पिठीसारखी, कुठं गेली ते कळतच नाही. मागच्या वर्षी एका गिऱ्हाइकाने परत केलेल्या लेन्सची झूम रिंग फिरवली तर जात्यात खडे आल्यासारखा कर्रर्र आवाज. त्याचं डिपॉझिट दुरुस्तीत गेलं आणि वर माझे पण पैसे गेले, भांडण झालं ते वेगळंच. तर मोकळ्यावर लेन्स बदलायची नाही. गाडीत बसायचं, काचा वर, पंखा बंद, कॅमेरा बंद करून बॉडीचं तोंड जमिनीकडं, दुसऱ्या लेन्सचं झाकण आधीच सैल करून ठेवायचं, आणि चार सेकंदांत काम उरकायचं. रोज रात्री रबराच्या ब्लोअरने फुंकायचं. तोंडाने फुंकायचं नाही, थुंकी उडते आणि ती काचेवर वाळते, मग ती काढायला माझ्याकडंच येता. धुळीचा डाग पडलाय का ते बघायचं तर एफ १६ ला (लेन्सचं तोंड बारीक करून) निळ्या आभाळाचा फोटो काढून मोठा करून बघा, असले तर काळे ठिपके दिसतील. लडाखचं आभाळ एवढं कोरं असतं की तिथं एक ठिपका पण लपत नाही, आपल्याकडच्या धुरकट आभाळात खपून जातो. ह्याच धुळीपायी मी लोकांना सांगतो की दोन लेन्सांपेक्षा एकच १८-१३५ लावा आणि आठ दिवस काढूच नका, फोटो उन्नीस-बीस होईल पण सेन्सर स्वच्छ राहील.

आणि थंडी. थंडीत सेलमधली रासायनिक क्रिया मंदावते त्यामुळं तो लवकर मान टाकतो. पँगाँगला, साधारण चौदा हजार फुटांवर, मी पहाटे पाचला तंबूतून बाहेर पडलो, कॅमेरा रात्रभर बॅगेत तंबूच्या कोपऱ्यात, समोर पाणी काळं, पलीकडच्या डोंगराच्या कडेला नुसती तांबूस रेघ उमटतेय, बटण दाबलं तर सेलची खूण लाल आणि कॅमेरा बंद. दुसरा सेल घातला, तो पण बंद, कारण तो पण त्याच बॅगेत. मग काय, शर्टाच्या आत काखेत दोन्ही सेल दाबून धरले आणि उभा राहिलो उड्या मारत. दहा मिनिटांनी घातला तर चाळीस टक्के दाखवला. तोवर तांबूस रेघ गेली होती, पण पाणी निळं व्हायला लागलेलं मिळालं. म्हणजे सेल संपलेला नसतो, गारठलेला असतो. रात्री सेल अंथरुणात घेऊन झोपायचं आणि दिवसा आतल्या खिशात ठेवायचे. त्या पोरीला मी सांगितलं नवे सेल घेतले की एक रात्रभर फ्रीजमध्ये प्लास्टिकच्या पिशवीत ठेव आणि सकाळी काढल्या काढल्या घालून बघ किती फोटो येतात, थंडीत निफाडला पारा पाच-सहावर जातो ना, तसंच घरातल्या घरात निफाड. मिररलेसवाल्यांनी (आत आरसा नसलेले कॅमेरे) तर तीन सेल न्यावेत, त्यांचा पडदा सतत चालू असतो, त्याला जास्त लागतं. तिथल्या तंबूंत मी गेलो तेव्हा वीज फक्त संध्याकाळी दोन-तीन तास, जनरेटरवर, आणि तंबूला प्लग एकच. चौघींचे चार मोबाइल आणि एक कॅमेरा. नाशिकहून एक्स्टेंशन बोर्ड घेऊन जा म्हटलं, वजन पावशेर पण तंबूत तुमच्याएवढा श्रीमंत कोणी नसेल.

थंडीतून गरम खोलीत आल्यावर कॅमेरा बाहेर काढायचा नाही, फ्रीजमधून काढलेल्या तांब्याला घाम फुटतो तसा लेन्सला फुटतो, आतून सुद्धा. बाहेरच झिपच्या पिशवीत बंद करायचा आणि खोलीत तासभर तसाच राहू द्यायचा. घाम पिशवीला फुटू दे.

उजेडाचं एक लग्नातलंच उदाहरण सांगतो. नवरदेव पांढऱ्या शेरवानीत उभा असला आणि कॅमेऱ्याच्या भरवशावर राहिलो तर शेरवानी राखाडी येते, कारण कॅमेऱ्याला वाटतं एवढं पांढरं काही असूच शकत नाही, तो दाबून टाकतो. बर्फाचं तेच. उजेड एक ते दीड स्टॉप (कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या पायऱ्या) वर घ्या नाहीतर खारदुंगलाचा बर्फ सिमेंटसारखा दिसेल. (तिथल्या जुन्या बोर्डावर १८,३८० फूट लिहिलंय, खरी उंची १७,५८२ फूट आहे, पण बोर्डासोबत फोटो सगळेच काढतात, मी पण काढला.) पोलरायझर एक जरूर न्या, पाण्याची चमक कापली की पँगाँगच्या काठचे तळातले गोटे दिसतात, पण आभाळावर जपून वापरा, तिकडचं आभाळ मुळातच गडद, त्यात पोलरायझर पूर्ण फिरवला की काळंच पडतं, आणि वाइडवर लावला तर अर्धं काळं अर्धं फिकं. दुपारी दहा ते चार कॅमेरा गळ्यात असला तरी चालतो पण फोटो येत नाही, उजेड टणक असतो, लामायुरूची ती चंद्रासारखी पिवळी माती पण भरदुपारी कोंडाळं झाडल्यासारखी दिसते आणि संध्याकाळी साडेपाचला तीच माती सुरकुतलेल्या म्हाताऱ्या हातासारखी.

हानलेबद्दल लेखात फुल फ्रेम फुल फ्रेम केलंय म्हणून थोडं. हानले लेहपासून अडीचशे किलोमीटरच्या पुढं, तिथं साडेचार हजार मीटरवर दोन मीटर व्यासाची हिमालयन चंद्र दुर्बीण आहे आणि ती चालवणारे शास्त्रज्ञ बसतात बंगळुरूजवळच्या होसकोटेला. २०२२ मध्ये आसपासचा हजार चौरस किलोमीटरहून जास्त भाग डार्क स्काय रिझर्व्ह केलाय, गावातले लोक पडदे लावून दिवे झाकतात. तिथं तुम्हाला महाग बॉडी लागत नाही, अंधार लागतो, आणि तो फुकट आहे. माझा दुकानात लावलेला हानलेचा फोटो क्रॉप सेन्सरवर १८ ला काढलेला आहे, एफ ३.५, आयएसओ (सेन्सर उजेडाला किती जागा आहे तो आकडा) ३२००, पंधरा सेकंद. किती सेकंद ठेवायचे त्याचा हिशेब सोपा, पाचशेला लेन्सच्या आकड्याने भागा आणि क्रॉप असेल तर परत दीडने, १८ ला साडेअठरा सेकंद येतात, त्याच्या थोडं आत राहा नाहीतर चांदण्या तांदळासारख्या लांबट होतात. जाण्याची तारीख ठरवताना मात्र भिंतीवरच्या कॅलेंडरात अमावास्या बघा. पोरी पौर्णिमेला हानलेत पोचणार होत्या! लाखाची बॉडी असती तरी चंद्राचा उजेडच आला असता. बेत उलटा फिरवला, हानले शेवटी टाकलं, फुकटात काम झालं. ट्रायपॉड हलका चालेल पण मधल्या दांडीला दगडांची पिशवी लटकवा. आणि गाडीचे दिवे, मोबाइलची बॅटरी तिकडं पेटवू नका, दुर्बिणीसाठी म्हणून नव्हे नुसतं, शेजारी दुसरा कोणी पंधरा सेकंदांचा फोटो घेत असतो, तो शिव्या देतो. मराठीतून पण देतो, मला मिळाल्यात.

शेवटी पोरीनं काय नेलं तर बापाचाच जुना कॅमेरा, १८-५५, बुरशीच्या धाग्यासकट ५५-२५०, दोन नवे सेल, दोन ३२ ची कार्डं (एकच मोठं नको, हरवलं तर सगळं गेलं), आणि माझ्याकडून भाड्याने पोलरायझर, हलका ट्रायपॉड आणि ब्लोअर. भाड्याचे पाचशे पण झाले नाहीत. वर गृहपाठ दिला की निघेपर्यंत रोज संध्याकाळी गंगापूर धरणावर नाहीतर गच्चीत जाऊन कॅमेरा अंधारात, न बघता, हातमोजे घालून वापरायचा, आयएसओचं बटण कुठंय ते बोटाला कळलं पाहिजे डोळ्याला नाही. आपल्या त्र्यंबकच्या दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये इंग्लंडहून कॅमेरा मागवला तेव्हा आधी घरात कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ रोज थोडी थोडी टिपली होती, सिनेमाला हात नंतर घातला. पोरीला हे सांगितलं तर म्हणाली काका मी तुळस टिपते. टिपतेय, परवा दाखवायला आली होती, पहिले चार दिवस सगळी तुळस हललेली आहे पण पाचव्या दिवशी मंजिरी स्पष्ट आलीय.

तर संपादक साहेब माझी विनंती एवढीच की पुढच्या वेळी अशी चौकट छापाल तेव्हा प्रत्येक वस्तूपुढं वजन लिहा, भाड्याने मिळते का ते लिहा, आणि ड्रोनबद्दल ह्याच आठवड्यात एक खुलासा टाका, कारण सप्टेंबरची बुकिंगं झालेली आहेत, ते कात्रण खिशात घालून लोक निघतील. फुल फ्रेम वाईट नाही, माझं पोट त्याच्यावर चालतं, संध्याकाळच्या रिसेप्शनला तो लागतोच. पण तो घेऊन नवशिक्या माणसाने खारदुंगलाला मॅन्युअल वाचत बसावं हे काही बरोबर नाही.

पत्र छापलंत तर दुकानाचं नाव टाकू नका, लोक ओळख सांगून भाडं कमी करायला येतात. आणि मागच्या पावसाळ्यात ज्या दोघांनी ब्लोअर नेले ते वाचत असतील तर आणून द्या भाऊ, एक लाल आहे आणि एक काळा, काळ्याचं नळकांडं जरा सैल आहे.

आपला,
एक लग्नाचा फोटोग्राफर
सिडको, नाशिक